कमोड रेझर, एलएस बेल्ट आणि बाकीचा संसार: कमरेच्या फ्यूजननंतर सात महिने वापरून

कमोड रेझर म्हणजे कमोडची उंची वाढवायला वर बसवायची सीट. त्याच्या उजव्या पकडीची मूठ गेल्या महिन्यात तुटली. कंपनीचं उत्तर आलं की वॉरंटी सीटला आहे, ॲक्सेसरीला नाही. मूठ ॲक्सेसरी धरली तर उरलेली सीट म्हणजे पॉटवर ठेवलेली परात. म्हणून हा रिव्ह्यू.

सामान असं: चार इंची कमोड रेझर, एलएस बेल्ट (कमरेचा पट्टा), श्वासाच्या व्यायामाचा तीन गोळ्यांचा, म्हणजे छोट्या चेंडूंचा, स्पायरोमीटर, घडीचा वॉकर आणि वस्तू उचलायचा लांब चिमटा. वापर एल-४ एल-५ फ्यूजनच्या पेशंटसाठी, म्हणजे कमरेचा चौथा आणि पाचवा मणका एकत्र जोडलेला: चार स्क्रू, दोन रॉड, मधे केज (दोन मणक्यांमधला आधार). नुसती डिस्क (मणक्यांमधली गादी) काढलेली असेल तर बंधनं बरीच कमी दिवस असतात, त्यांनी खालचं सगळं त्या हिशेबाने वाचावं. आणि सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर सर्जनचं खरं.

आधी रेझर. ऑपरेशन ठरलं की सगळे बेल्टच्या मागे लागतात, कमोडकडे कोणी बघत नाही. आपला साधा कमोड सीटसकट साधारण १६ इंच भरतो. उंच माणूस त्यावर बसला की गुडघे कुल्ल्यांच्या वर जातात, कंबर मागे गोल होते, आणि उठताना पुढे झोकून उठावं लागतं. पहिले सहा आठवडे नेमकं हेच टाळायचं असतं. वाकणं, वजन उचलणं आणि कंबर पिळणं ही तीन बंधनं कागदावर सोपी दिसतात. संडासात तिन्ही एकदम मोडतात.

उंची अंदाजाने घेऊ नका. पेशंटला अनवाणी खुर्चीत बसवा, जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत टेप लावा, त्यात एक-दोन इंच मिळवा आणि आपल्या कमोडची उंची वजा करा. उरलं तेवढा रेझर. बाजारात दोन, चार आणि सहा इंची मिळतात. पाच फुटी बाईला चार इंची लावला तर टाचा जमिनीला टेकत नाहीत, पाय लोंबकळतात, मांडीच्या मागे सीट रुतते आणि कुंथताना आधारच राहत नाही. कमोडचा आकारही बघा. हे रेझर लंबगोल पॉटसाठी केलेले असतात, हल्लीच्या चौकोनी किंवा डी आकाराच्या पॉटवर पकडी कडेला नीट टेकतच नाहीत.

आता ती पकड. दोन बाजूंना दोन एल आकाराच्या पट्ट्या पॉटच्या कडेला आतून धरतात आणि बाहेरून प्लास्टिकची मूठ फिरवून आवळायच्या असतात. नवीन असताना झकास. पण उठताना माणूस एका हातावर जास्त भार देतो, बहुतेक उजव्या, त्यामुळे त्या बाजूचा बोल्ट आठ-दहा दिवसांत सैल होतो. मूठ पॉटच्या कडेखाली, म्हणजे जमिनीपासून फूटभर उंचीवर. ज्याला वाकायला बंदी आहे त्याच्यासाठी केलेली वस्तू वाकल्याशिवाय आवळता येत नाही! घरात दुसरं माणूस असेल तर ठीक. एकट्या राहणाऱ्याने काय करायचं हे डिझाइन करणाऱ्याने सांगावं.

सैल झाली की काय होतं? उठताना सीट इंचभर सरकते, माणूस दचकून एका बाजूला वळतो आणि हात भिंतीकडे टाकतो. पिळणं म्हणतात ते हेच. म्हणून दर चार दिवसांनी दुसऱ्या कोणीतरी दोन्ही मुठी तपासायच्या, सीट दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवून बघायची. तारीख लिहून कागद दारावर चिकटवा, नाहीतर राहून जातं.

मूठ का तुटली त्याचं कारण साधं आहे. संडास साफ करायचं निळं लिक्विड म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. रेझर न काढता ते कडेने ओतलं की पकडीच्या लोखंडी बोल्टवर ओघळतं, आटे गंजतात, मूठ घट्ट होते. मग कोणीतरी पक्कड लावतं आणि प्लास्टिक चिरतं. धडा असा की ॲसिड रेझर काढूनच वापरायचं, रेझर साबणाच्या पाण्याने वेगळा धुवायचा आणि आट्यांना महिन्यातून एकदा व्हॅसलीन लावायचं. तुटल्यावर हार्डवेअरच्या दुकानातून स्टेनलेस स्टीलचा बोल्ट, विंग नट आणि रबरी वॉशर आणून बसवले. चहा-बिस्किटाच्या खर्चात काम झालं. मूळ मुठीपेक्षा चांगलं चालतंय, हे जास्त संतापजनक आहे.

पाण्याबद्दल खोक्यावर अवाक्षर नाही. हे रेझर कागद वापरणाऱ्यांच्या हिशेबाने केलेले आहेत. कमोडच्या आतला जेट रेझर बसवल्यावर चार इंच खाली राहतो आणि नेम चुकतो. हँड शॉवरने मागून धुवायचं तर कंबर पिळावी लागते, शिवाय रेझर आणि पॉटच्या फटीतून पाणी बाहेर येऊन फरशी ओली होते. उपाय एकच: पाय फाकवून बसायचं, हँड शॉवर पुढून दोन मांड्यांमधून न्यायचा, धार कमी ठेवायची. पुढून खाच असलेला रेझर मिळाला तर तोच घ्या. या गोष्टीची तालीम ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस करून ठेवा. टाके ओढत असताना नवीन सवय लावणं फार कठीण.

दुसरं, दुखण्याच्या गोळ्यांत ट्रामाडॉल असेल तर बद्धकोष्ठ ठरलेलं. तीन-तीन दिवस होत नाही आणि मग कुंथण्याने कळ पायापर्यंत जाते. पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून द्यायचं का, हे डिस्चार्जच्या वेळीच विचारून घ्या. इसबगोल घेणार असाल तर सोबत मोठा ग्लासभर पाणी हवंच, कमी पाण्यात तो आतच घट्ट होऊन उलटा त्रास देतो.

इथवरचं चौथ्या महिन्यात लिहिलं असतं तर रेझरला तीन तारे दिले असते. आता मत बदललंय: रेझर घेऊच नका. कमोड खुर्ची घ्या, ॲल्युमिनियमची, चार पायांची, हातवाली. खालचं भांडं काढायचं आणि खुर्ची सरळ पॉटवर उभी करायची. पायांना एकेक इंचाच्या अंतरावर भोकं असतात, बटण दाबून उंची बसवता येते, त्यामुळे मापाची कटकट नाही. उठताना भार दोन्ही हातांवर सारखा पडतो, पॉटवर काहीच पडत नाही. आणि देशी भांड्यावरही उभी राहते. गावाकडच्या घरात, चाळीत हा मोठाच फायदा. देशी भांड्यावर उंचावरून पडल्याने शिंतोडे उडतात, त्यासाठी तळ नसलेलं डबड्यासारखं भांडं मिळतं, तेही मागून घ्या. खुर्ची आणल्यावर एकदाच बघायचं: चारही पायांचं बटण एकाच उंचीच्या भोकात आहे ना, आणि रबरी बूच झिजलेलं नाही ना. किंमत रेझरच्या दीडपटीच्या आसपास पडली. पण उभं राहून अंघोळ झेपत नाही तेव्हा हीच अंघोळीलाही चालते. पाटावर बसून अंघोळ विसरा. बादलीसुद्धा दुसऱ्या स्टुलावर ठेवा म्हणजे तांब्या बुडवायला खाली जावं लागत नाही, आणि भरलेली बादली पेशंटने हलवायची नाही. पहिले सहा आठवडे साधारण दोन-तीन किलोच्या वर काही उचलू नये असं बहुतेक ठिकाणी सांगतात. पाच लिटरचा तेलाचा कॅनच साडेचार किलोच्या वर जातो.

बेल्ट. माप पँटच्या नंबरावरून घेऊ नका, बेंबीच्या रेषेत टेप लावा. ऑपरेशननंतर पोट फुगतं आणि ड्रेसिंगची जाडी असते, त्यामुळे माप दोन साइझच्या सीमेवर असेल तर मोठा घ्या. मागच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या सपाट येतात. फिजिओथेरपिस्टकडून कमरेच्या बाकाप्रमाणे त्या वळवून घेतल्या नाहीत तर वरचं टोक बरगडीला आणि खालचं माकडहाडावर टोचतं, आणि पेशंट 'बेल्ट लागतो' म्हणून काढून ठेवतो. आत सुती बनियन हवं, नाहीतर आपल्या हवेत घामोळं आठवड्यात येतं. घालायचा तो कुशीवर वळून, पडल्या पडल्या. आधी उठून मग घालायचा असेल तर अर्धा उपयोग गेला.

वेल्क्रोत दोरे आणि केस अडकून पकड जाते. जुन्या टूथब्रशने घासलं की परत येते. धुताना पट्ट्या काढा, वेल्क्रो लावून बंद करा, हाताने धुवा, सावलीत वाळवा. सात महिन्यांत एवढाच त्रास झाला, त्यामुळे वस्तू म्हणून तक्रार नाही. तक्रार बेल्टवरच्या श्रद्धेबद्दल आहे. बेल्टने हाड लवकर जुळतं असं चाचण्यांतून दिसलेलं नाही, म्हणून काही सर्जन तो देतही नाहीत. तो मुख्यतः 'वाकू नकोस' अशी आठवण करून देतो. बेल्ट बांधून खालचा गॅस सिलिंडर सरकवणारे पाहिले की असं वाटतं, न दिलेला बरा.

स्पायरोमीटर पहिल्या दिवशी खेळणं वाटला, एक तारा देणार होतो. चूक होती. दहातले निम्मे लोक त्यात फुंकतात. फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. श्वास पूर्ण सोडा, नळी ओठांत घट्ट धरा, सावकाश ओढा, दोन गोळ्या वर आणि तिसरी खालीच राहील असा वेग ठेवा, तीन सेकंद धरा, सोडा. तीनही गोळ्या टणकन वर गेल्या म्हणजे पराक्रम नव्हे, झटका दिलात. गोळ्यांखालचे ६००, ९००, १२०० हे आकडे हवेच्या वेगाचे आहेत, त्यावरून फुफ्फुसाला मार्क देऊ नका. जागेपणी तासाला दहा श्वास. पडून राहिल्याने फुफ्फुसाच्या तळात कफ साचतो, तो यामुळे टळतो. ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी शिकलं तर नंतर दुखत असताना हात आपोआप तिकडे जातो.

वॉकर महिनाभर लागतो, भाड्याने आणा. चिमटा ३२ इंची असावा. चप्पल, मोबाइल, पडलेला टॉवेल, सगळ्याला तोच. या दोघांबद्दल आणखी काही लिहिण्यासारखं नाही.

कुशीवर वळून उठणं फुकट आहे आणि सगळ्या सामानापेक्षा महाग. गुडघे दुमडा, खांदा आणि कुल्ला एकाच वेळी, ओंडक्यासारखे वळवा, पाय पलंगावरून खाली सोडा आणि त्याच वेळी कोपर-तळव्याने वर या. पलंग गुडघ्याएवढा उंच हवा. जमिनीवरची गादी असेल तर आधीच पलंगाची सोय करा, दोन गाद्या एकावर एक ठेवून भागत नाही, त्या दबतात.

फुकटातलं दुसरं म्हणजे तंबाखू. फ्यूजनच्या पेशंटला सिगारेट सोडा सांगतात आणि घरी मिश्री चालूच राहते. निकोटीनने नव्या हाडाचा रक्तपुरवठा घटतो, मग ते ओढा, चघळा की हिरड्यांना चोळा. किमान चार आठवडे आधी बंद, आणि हाड जुळेपर्यंत बंदच. निकोटीनचं च्युइंगमही सर्जनला सांगूनच. रक्त पातळ करायच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. कुठली किती दिवस आधी थांबवायची ते हृदयाचा डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ ठरवतात. उपाशी राहण्याच्या सूचनेत 'दोन तास आधीपर्यंत पाणी चालेल' असं सांगितलं असेल तर त्यात दुधाचा चहा येत नाही. दूध म्हणजे जेवण, सहा तास. सकाळच्या कपभर चहापायी ऑपरेशन पुढे ढकललं जातं.

पैशाचं. मेडिक्लेमच्या न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत बेल्ट, स्पायरोमीटर आणि चालायची साधनं नावानिशी आहेत. वेगळा रायडर (जादा कव्हर) नसेल तर हॉस्पिटलच्या काउंटरवरून घेतलं काय आणि बाहेरून घेतलं काय, खिसा आपलाच. मग बाहेरून घ्या, भाव करून घ्या.

आणि ज्यात सामानाचा काही संबंध नाही ते: लघवी अडकणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागी बधिरपणा, पाऊल उचलता न येणं, पोटरी सुजणं, धाप लागणं किंवा छातीत दुखणं, ताप, जखमेतून पाणी, उठून बसलं की वाढणारी डोकेदुखी. यातलं काहीही झालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल. पहिली दोन असतील, किंवा धाप लागली, छातीत दुखलं तर त्याच तासाला.

तारे: कमोड खुर्ची पाच, स्पायरोमीटर चार, बेल्ट तीन, रेझर एक.

ता. क. सातव्या ईमेलनंतर कंपनीने 'सद्भावना म्हणून' पकडींची जोडी पाठवली. दोन्ही डाव्या बाजूच्या आहेत.