पील होणारं कोटिंग की व्हिनाइल रॅप?

गाडीचा रंग बदलायचाय पण कायमचा नको, मग घोळ या दोघांतच होतो: स्प्रेने मारायचं आणि नंतर सालीसारखं सोलून काढायचं रबरी कोटिंग, की गाडीवर चिकटवायची व्हिनाइलची (प्लास्टिकची) फिल्म, म्हणजे रॅप. खर्चात कोटिंग स्वस्त, स्प्रे गन असेल तर घरीही जमतं, फक्त थर पातळ राहिला तर काढताना तुकडे तुकडे निघतात आणि नखं झिजतात ते वेगळंच. पेट्रोल सांडलं की मऊ पडतं. टिकायला साधारण 2-3 वर्षं.

रॅप महाग, कडा-कोपऱ्यांना हात सराईतच हवा, पण चांगलं कास्ट व्हिनाइल (ओतून बनवलेली फिल्म) 5-7 वर्षं जातं आणि ओरखडा आला तर तेवढ्याच पॅनेलवरचा रॅप बदलता येतो, कोटिंगचा पॅच मात्र दिसतोच. रीपेंट केलेल्या गाडीवर रॅप जपून, काढताना खालचा रंगही उचकटू शकतो.

नुसती व्हील्स किंवा वर्षभराची हौस असेल तर कोटिंग, रोजची गाडी असेल तर रॅपच.