आठ महिन्यांच्या वापरानंतर: आफ्रिकेतील तारणविचारावरचा निबंधसंग्रह

आफ्रिकेतील पारंपरिक धर्म आणि ख्रिस्ती प्रायश्चित्तविचार (येशूच्या बलिदानाने माणसाच्या पापाची भरपाई होते, हा विचार) यांची तुलना करणारा हा संग्रह मी आमच्या मंडळीच्या अभ्यासगटासाठी 2400 रुपये देऊन मागवला. विक्रेत्याशी वाद मिटलेला नसल्यामुळे पुस्तकाचे नाव देत नाही. तिसऱ्याच महिन्यात बांधणी उसवून मधली पाने सुटी झाली आणि ‘वापरामुळे झालेले नुकसान’ असे एका ओळीत कळवून माझी तक्रार बंद करण्यात आली. अभ्यासाचे पुस्तक रोज उघडले जाणार, हे धरूनच ते बांधायला हवे.

तरीही मला अधिक खुपते ते पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची नसणे. संपादकांनी सगळीकडे ‘तारण’ या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द वापरला आहे आणि मूळ शब्द तळटीपांत विखुरले आहेत. घानामधील त्वी भाषेत ‘न्क्वा’ म्हणजे जीवन. त्यात आरोग्य, संतती आणि आप्तांशी सलोखा हे सारे येते. तारणाला तिथे ‘न्क्वाग्ये’, म्हणजे जीवन सोडवणे, असे म्हणतात आणि येशूला ‘अग्येन्क्वा’, म्हणजे तारणारा. हे शब्द समोर असते, तर माझी पहिल्या महिन्यातली चूक टळली असती. पारंपरिक आफ्रिकी धर्मांत मरणोत्तर स्वर्गाची आशा किंवा नरकाची भीती नाही, असे केनियाचे धर्म-अभ्यासक जॉन म्बिती यांनी 1969 मध्ये मांडले होते. त्यावरून या धर्मांत तारणाची कल्पनाच नाही, असे मी गटात सांगून टाकले. म्बिती मरणोत्तर अवस्थेबद्दल बोलत होते, मी मात्र ते सगळ्या जीवनाला लावले.

ते मत बदलले सुट्या झालेल्या पानांमुळेच. त्यांतल्या निबंधानुसार दक्षिण सुदानमधील नुएर लोक आपल्या पारंपरिक विधीत बळीच्या बैलाच्या पाठीवर राख चोळतात आणि बैल उपलब्ध नसल्यास रानकाकडी चिरतात, तिलाही बैलच म्हणतात. काकडी बैलाच्या जागी आणि बैल माणसाच्या जागी, ही बदलीची साखळी बायबलमधील इब्री लोकांस पत्राचा येशूच्या बलिदानावरचा नववा अध्याय वाचणाऱ्याला ओळखीची वाटेल. परंतु अकराव्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती धर्मपंडित अन्सेल्मने मांडलेला, देवाच्या दुखावलेल्या सन्मानाची भरपाई करण्याचा हिशोब इथे बसत नाही, कारण संकट आणणारा आत्मा माणसापासून दूर व्हावा, एवढीच त्या विधीतली मागणी असते. संपादकांनी अन्सेल्मचे माप लावून या विधीला ‘अपूर्ण प्रायश्चित्त’ ठरवले आहे, हे मला मुळीच मान्य नाही.

गटातील एका आजींनी विचारले, ‘तारण म्हणजे बँकेत ठेवतात तेच ना?’ मराठीत एकाच शब्दाला पार नेणे आणि गहाण असे दोन्ही अर्थ आहेत, आणि इथे कोणता अर्थ घ्यायचा, यावर आम्ही दोन बैठका खर्च केल्या. तेव्हापासून मी स्वतःच शब्दसूची लिहायला घेतली. आतापर्यंत एक्केचाळीस शब्द झाले आहेत. गल्लीतल्या बाइंडरने दीडशे रुपयांत पुस्तक शिवून दिले, तेव्हा या शब्दसूचीची पाने त्याच्याकडून शेवटी बांधून घेतली.