महागडं हार्डवेअर: जास्तीचे पैसे कुठे मोजावेत, कुठे नाही

कॉम्प्युटरसाठी महाग पार्ट घ्यावा का, याचं सरसकट उत्तर नाही. सगळ्या पार्टना वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊच नये, कारण तो बिघडला की कधीकधी बाकीच्यांनाही घेऊन जातो. खोक्यावरचा '८० प्लस गोल्ड'चा शिक्का एवढंच सांगतो, की निम्म्या लोडला किमान ९० टक्के वीज कामी येते. आउटपुट किती स्वच्छ आहे, शॉर्ट झाल्यावर सप्लाय बंद पडतो का, हे त्यावरून कळत नाही. एटीएक्स या मानकानुसार १२ व्होल्टच्या लाइनवर रिपल (व्होल्टेजमधले बारीक चढउतार) १२० मिलिव्होल्टच्या आत हवा. हे चढउतार दाबणारे, पण स्वस्तातले ८५ अंश तापमानापर्यंतचे कपॅसिटर उष्णतेने लवकर सुकतात, रिपल वाढतो आणि ऐन गेममध्ये मशीन रीस्टार्ट होतं. बिचाऱ्या ग्राफिक्स कार्डवर उगाच आळ येतो! १०५ अंशांचे कपॅसिटर आणि लांबलचक वॉरंटी बघून घ्या. सप्लाय बदलताना जुन्या मॉड्युलर (काढता-घालता येणाऱ्या) केबल नव्याला लावू नका. सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असू शकते. ती वेगळी निघाली तर एसएसडी (डेटा साठवणारा चिपचा ड्राइव्ह) जळू शकते.

एसएसडीत टीएलसीसाठी (एका सेलमध्ये तीन बिट साठवणारी मेमरी) थोडे जास्त मोजावेत. क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट) सुरुवातीला सुसाट लिहिते, पण मोठा डेटा टाकताना एसएलसी कॅश (डेटा आधी झेलणारा वेगवान भाग) भरली की वेग हार्ड डिस्कच्या पातळीवर येतो. ड्राइव्ह जितका भरलेला, तितकी ही कॅश बहुधा लहान. जेन ५ चा (पीसीआयई जोडणीची पाचवी पिढी) सेकंदाला १४ जीबीचा आकडा मात्र मोठ्या फायली सतत हलवणाऱ्यांच्याच उपयोगाचा. विंडोज सुरू होताना बारीकसारीक रँडम रीड (इथून-तिथून थोडा थोडा डेटा वाचणं) चालतात, तिथे जेन ४ पुरते.

रॅमवरचे रंगीत दिवे ही निव्वळ हौस. डीडीआर५-६००० मध्ये (डीडीआर५ ही पिढी, ६००० हा वेग) सीएल४० ऐवजी सीएल३० घेतली तर लेटन्सी (डेटा मिळायला लागणारा उशीर) १३.३ वरून १० नॅनोसेकंदांवर येते. पण बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सपो किंवा एक्सएमपी हे रॅमच्या वेगाचं प्रोफाइल चालू केलं नाही, तर तीच रॅम बहुधा ४८०० वर रखडते.

प्रोसेसरमध्ये तर किंमत सरळ दिशाभूल करते. ८ कोअरचा रायझन ७ ७८००एक्स३डी ९६ एमबी एल३ कॅशच्या (प्रोसेसरमधल्याच वेगवान मेमरीच्या) जोरावर गेमिंगमध्ये १६ कोअरच्या रायझन ९ ७९५०एक्सला सहसा मागे टाकतो. थ्रीडी किंवा व्हिडिओ रेंडरिंगला बसलात की पारडं फिरतं. मदरबोर्डचं म्हणाल तर व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) दणकट हीटसिंक आहे का आणि दुसरा एम.२ स्लॉट (एसएसडीची खाच) वापरला की कुठला पोर्ट बंद होतो, हे मॅन्युअलमध्ये बघा. वरचं चकाकतं कव्हर सोडून द्या.