पेट्रोल सोडून इलेक्ट्रिक: काही महिने वापरल्यावर

गाडी घेण्याआधी सगळी चर्चा रेंजची होते, म्हणजे एका चार्जिंगमध्ये किती किमी जाते याची. वापरायला लागल्यावर डोकं खातं ते घरचं सॉकेट.

गाडीबरोबरचा पोर्टेबल चार्जर 16 अँपिअरच्या सॉकेटवर साधारण 3.3 किलोवॅट ओढतो. 40 युनिटची बॅटरी 20 टक्क्यांवरून पूर्ण भरायला, चार्जिंगमधला तोटा धरून, 11 तास लागतात. इस्त्री किंवा गीझर एवढा वेळ सलग कधीच चालत नाही, त्यामुळे सॉकेटमागचा एखादा सैल स्क्रू वर्षानुवर्षं खपून जातो. गाडी लावली की तोच तापतो आणि प्लास्टिक वितळतं. मुख्य बोर्डापासून 4 चौरस मिमी तांब्याची वेगळी लाइन, तिला स्वतःचा एमसीबी (जादा करंट गेला की पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), एवढं हवंच. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. चार्जिंग सुरू होऊन तासभर झाला की प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर लगेच बंद करा.

चार्जरवर लाल दिवा लागला की लोक सर्व्हिस सेंटरला फोन करतात. आधी मल्टिमीटर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये लावा. दोन-तीन व्होल्टपेक्षा बरंच जास्त दाखवलं तर बहुतेक वेळा दोष घरच्या अर्थिंगचा. जनरेटरवर चार्जिंग होत नाही त्याचंही कारण अनेकदा हेच: त्याचा न्यूट्रल अर्थला जोडलेलाच नसतो.

आता रेंज. डॅशबोर्डवरचा किलोमीटरचा आकडा म्हणजे मागच्या चालवण्यावरून बांधलेला अंदाज; तो बघून घाबरायचं किंवा हरखायचं कारण नाही. 100 किमीला किती युनिट लागतात ते बघा. पेट्रोल गाडीच्या उलट इथे शहरातला आकडा चांगला येतो, हायवेवर बिघडतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 80 ऐवजी 110 ने गेलात की तो जवळजवळ दुप्पट. फास्ट चार्जरवर 80 टक्क्यांनंतर वेग इतका पडतो की थांबण्यात अर्थ नसतो, निघावं. घरी मात्र बॅटरी कोणती आहे ते बघून ठरवा. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली) असेल तर रोज 80 पर्यंत पुरे. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेटवाली) अधूनमधून 100 पर्यंत भरावीच लागते, नाहीतर टक्केवारीचा हिशोब चुकायला लागतो.

डोंगरावर मुक्काम असेल तर तिथे बॅटरी पूर्ण भरून उतरू नका. उतारावर वेग कमी करताना मोटर उलट वीज बनवते, त्याला रीजन म्हणतात; भरलेल्या बॅटरीत ती वीज जायला जागाच नसते, मग सगळा भार ब्रेकवर येतो. एरवी ब्रेक पॅड झिजता झिजत नाहीत, पण वापर कमी म्हणून डिस्कवर गंज धरतो. रस्ता मोकळा बघून अधूनमधून ब्रेक जोरात दाबावा.

इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, क्लच विसरा. वाचलेल्या पैशातले थोडे टायरना जातात: वजन जास्त, टॉर्क तत्काळ. दर 8-10 हजार किमीला टायर पुढे-मागे करून घ्या. बॅटरीचा कूलंट कमी दिसला तर साधा कूलंट ओतू नका, मॅन्युअलमध्ये सांगितलेलाच घाला.

आणि 12 व्होल्टची छोटी बॅटरी इथेही आहे. ती मेली की मोठी बॅटरी 90 टक्के असूनही गाडी जागची हलत नाही. बाहेरून 12 व्होल्ट देऊन ती उठवता येते. पण तिच्यावरून दुसऱ्याची पेट्रोल गाडी सुरू करायला जाऊ नका, स्टार्टर ओढतो तेवढा करंट देण्यासाठी ही यंत्रणा बनवलेली नसते.