‘रिफंड प्रोसेसमध्ये आहे’ या उत्तरावर थांबू नका

समाजमाध्यमांवरील जाहिरात पाहून साडी, दागिने किंवा घरगुती उपकरणे मागवणाऱ्या आणि भलतीच वस्तू हाती पडल्यावर विक्रेत्याच्या गोड बोलण्यावर विसंबून राहणाऱ्या सर्वांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. माझे पैसे परत मिळाले. माझ्याच कार्यालयातील एका सहकारी बाईंचे, त्याच विक्रेत्याकडे गेलेले पैसे मात्र अद्याप अडकलेले आहेत. फसवणूक दोघींची एकाच पद्धतीने झाली. फरक पडला तो पैसे कोणत्या मार्गाने गेले आणि तक्रार कधी, कोणाकडे व कोणत्या शब्दांत नोंदवली यामुळे.

मुलीच्या लग्नाच्या बस्त्यासाठी मुनिया काठाची पैठणी घ्यायची होती. येवल्याच्या विणकरांकडून थेट ग्राहकापर्यंत, असे सांगणारे एक पान होते. त्यावर हातमाग चालतानाचे व्हिडिओ होते, साड्या नेसलेल्या ग्राहकांची छायाचित्रे होती आणि त्यांचे अभिप्रायही होते. किंमत ७,८०० रुपये होती, म्हणजे संशय यावा इतकी कमी नव्हती. हे मुद्दाम नमूद करते, कारण ‘फारच स्वस्त दिसले तर सावध व्हा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि या मंडळींनाही तो चांगला ठाऊक असतो. मी त्यांच्या संकेतस्थळावर क्रेडिट कार्डाने पैसे भरले. सहकारी बाईंना ‘यूपीआय केल्यास पाचशे रुपये सूट’ असे सांगण्यात आले आणि त्यांनी तसे केले. ही सूट कशासाठी होती ते पुढे कळले.

पार्सल उघडतानाचे चित्रीकरण आमच्या घरी नेहमीच केले जाते, तसे तेव्हाही केले होते. साडी रंगाने छायाचित्रासारखीच होती. पण पदर उलटून पाहिला तेव्हा मोरांच्या मागच्या बाजूला कापलेल्या धाग्यांचे पुंजके दिसले आणि त्यांवर बारीक जाळीचे अस्तर शिवलेले होते. हातमागावरच्या पैठणीत नक्षीतील प्रत्येक रंगाचा धागा त्या त्या आकृतीपुरताच हाताने गुंफलेला असल्यामुळे पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. यंत्रमागावर मात्र धागे मागून आडवे पसरतात आणि ते कापावे तरी लागतात किंवा झाकावे तरी लागतात. ओळखीच्या साडीविक्रेत्यांनी काठाचा एक धागा काढून जाळून दाखवला. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. हा धागा वितळला आणि त्याची कडक काळी गाठ झाली. साडी पॉलिस्टरची आणि यंत्रमागावरची असल्याचे त्यांनी दुकानाच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह लिहून दिले. हा कागद पुढे माझ्या सर्वांत जास्त उपयोगी पडला.

विक्रेत्याने तक्रार नाकारली नाही, आणि माझ्या मते धोका नेमका इथेच आहे. ‘ताई, काळजी करू नका, चुकीचा पीस गेला आहे’ असे अत्यंत नम्र उत्तर आले, त्यानंतर ‘रिफंड प्रोसेसमध्ये आहे’ असे कळवण्यात आले आणि पाठोपाठ रक्कम पाठवल्याचा स्क्रीनशॉट आला, ज्यावर व्यवहाराचा संदर्भ क्रमांकही होता. तो क्रमांक मी बँकेला कळवून विचारले असता अशी कोणतीही नोंद नसल्याचे उत्तर मिळाले. हे विक्रेत्याला सांगताच त्याने ‘तांत्रिक अडचण’ आल्याचे सांगून क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाकल्यास पैसे खात्यात जमा होतील असे लिहिले. यूपीआयमध्ये पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीही लागत नाही. त्यामुळे तो कोड मी वापरला नाही. परताव्याचे आश्वासन हाही त्या फसवणुकीचाच एक टप्पा असतो. ग्राहक शांत राहतो, पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पुढे सरकतो, बँकेकडे दाद मागण्याची मुदत संपत येते, आणि जमल्यास त्याच माणसाकडून आणखी थोडे काढता येते.

कार्डाने केलेल्या खरेदीबाबत बँकेकडे वाद नोंदवता येतो, ज्याला बँकेत चार्जबॅक म्हणतात. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत अशा वादासाठी साधारण १२० दिवसांची मुदत असते, परंतु बँक आपल्या ग्राहकाला त्याहून कमी मुदतही सांगू शकते, म्हणून थांबण्यात अर्थ नाही. माझी तक्रार दूरध्वनीवर घेणाऱ्या व्यक्तीने ‘वस्तू मिळाली नाही’ या कारणाखाली ती नोंदवली. विक्रेत्याने साहजिकच कुरिअरची पोच सादर केली आणि बँकेने प्रकरण बंद केल्याचे कळवले. तक्रारीची प्रत मागवून वाचल्यावर ही गोष्ट लक्षात आली. मी लेखी हरकत घेतली, कारण बदलून ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ असे नोंदवायला लावले, आणि सोबत जाहिरातीचे स्क्रीनशॉट, पार्सलचे चित्रीकरण, साडीविक्रेत्यांचे पत्र व साडी परत करण्याची तयारी मी विक्रेत्याला लेखी कळवल्याचा पुरावा जोडला. यानंतर पूर्ण रक्कम कार्डाच्या खात्यात जमा झाली. आपली तक्रार कोणत्या कारणाखाली नोंदवली गेली आहे हे प्रत्येकाने स्वतः वाचून पाहावे, असे मी कळकळीने सांगेन.

काही जण अशा वेळी ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ असे बँकेला सांगण्याचा सल्ला देतात. तसे करू नये. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातील संरक्षण हे ग्राहकाच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांसाठी आहे. आपण स्वतः ओटीपी टाकून केलेली खरेदी त्यात बसत नाही, आणि खोटे विधान उघड झाले की खरी तक्रारही दुबळी होते. खरे कारण पुरेसे भक्कम असते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येते.

सहकारी बाईंचे प्रकरण अधिक अवघड आहे. यूपीआयने थेट खात्यात गेलेल्या पैशांना चार्जबॅकसारखी सोय ग्राहकाच्या हाती जवळजवळ नसते. पाचशे रुपयांची सूट त्यासाठीच होती. अशा वेळी सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब दूरध्वनी करणे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार करणे हाच मार्ग असतो, कारण ती माहिती संबंधित बँकांकडे जाऊन ज्या खात्यात पैसा असेल तेथे तो गोठवता येतो. बाईंनी परताव्याच्या आश्वासनावर वाट पाहिली आणि तक्रार होईपर्यंत बराचसा पैसा पुढे गेला होता. थोडी रक्कम एका खात्यात गोठवली गेली, पण गोठवलेली रक्कम आपोआप परत येत नाही; त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायालयात अर्ज करावा लागला आणि त्यावरील आदेशाची त्या वाट पाहत आहेत. त्याच काळात, ‘तुमचे अडकलेले पैसे काढून देतो, फक्त फाइलचा खर्च भरा’ असे सांगणारे फोनही त्यांना येऊ लागले. परतावा मिळवून देण्यासाठी आगाऊ पैसे मागणारा प्रत्येक जण ठकच समजावा. ग्राहक सेवेचा क्रमांकही सर्च करून मिळालेला वापरू नये. तो कार्डाच्या मागे, पासबुकावर किंवा अधिकृत अ‍ॅपमध्ये पाहावा, आणि कोणी स्क्रीन दाखवणारे अ‍ॅप टाकायला सांगितले तर फोन तिथेच ठेवावा.

पोलिस आणि बँक यांच्यापलीकडे ग्राहक म्हणूनही आपले हक्क आहेत. ई-वाणिज्य नियम, २०२० नुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील दाखवायला हवा. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. ज्या पानावर यांपैकी काहीच नाही, तिथे खरेदी करू नये. विक्रेत्याचा ठावठिकाणा माहीत असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही तक्रार नोंदवता येते. तेवढ्याने भागले नाही तर आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात ऑनलाइन अर्ज करता येतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. त्यामुळे विक्रेता माहीत असूनही ज्यांनी नाद सोडून दिला आहे, त्यांनी आपल्या खरेदीची तारीख एकदा तपासून पाहावी.