ड्राय हँड्स: घामट हातांसाठी एक नंबर, पण सगळ्यांसाठी नाही

पोल डान्स शिकवायला आणि कॉम्पिटिशनला सतत फिरायचं म्हणजे एक गोष्ट ठरलेली, स्वतःचा पोल सोबत नेता येत नाही. जाल तिथला पोल तुमचा. कुठे क्रोम, कुठे ब्रास, कुठे स्टेनलेस स्टील, कुठे पावडर कोटेड, जाडी बऱ्याच ठिकाणी ४५ मिमी पण जुन्या स्टुडिओत अजून ५० चे पण असतात, आणि हवा तर प्रत्येक ठिकाणची वेगळी. म्हणून ग्रिपच्या, म्हणजे पकड टिकावी म्हणून हाताला जे लावतो त्याच्या बाबतीत मी फार चिकित्सक आहे. ड्राय हँड्स हे हात कोरडे ठेवणारं ग्रिप लिक्विड घेऊ का असं विद्यार्थिनी सारख्या विचारतात म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

बाटलीत पांढरं पातळ लिक्विड असतं. नीट हलवून घ्यायची, अगदी थोडं तळहातावर घ्यायचं, बोटांच्या पेरांपर्यंत चोळायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं, हे वाळू देणं महत्त्वाचं, घाईघाईत ओल्या हाताने पोल धरला तर उलट जास्त घसरतं. वाळल्यावर हात चिकट लागत नाही, नुसता कोरडा लागतो. खडूच्या पावडरीसारखा धुरळा उडत नाही, पोलवर जाड थर बसत नाही, आणि पुढची मुलगी आली की पोल एका फडक्यात साफ. क्लासमध्ये एका पोलवर दोघी तिघी असतात तेव्हा याची किंमत कळते.

पण विकत घेण्याआधी एक बघा, तुमचा हात ओला असल्यामुळे सुटतोय की कोरडा असल्यामुळे? बऱ्याच जणींना हे माहीतच नसतं आणि त्या मैत्रिणीने घेतलं तेच घेतात. तळहात पोलवर दाबा आणि सावकाश खाली ओढा. धातूवर वाफेसारखा ठसा उमटला तर घाम आहे, तुम्हाला ड्राय हँड्स उपयोगी पडणार. ठसा काहीच नाही आणि हात सर्रकन खाली आला तर कातडी कोरडी आहे, वर अजून कोरडं करणारं लावलंत तर आहे ती पकड पण जाईल. अशा हातांना ड्यू पॉइंटसारखा थोडी ओल देणारा स्प्रे किंवा आयटॅकसारखं चिकट काहीतरी लागतं. सकाळी थंड खोलीत पोल गार पडलेला असतो तेव्हा तर घामट हातांचं पण हेच होतं, त्यामुळे पहिल्या बॅचला मी काहीच लावत नाही, आधी पोल हाताने चोळून गरम करायला लावते, अंग तापवायला लावते, मग बघू.

आता मला हे का आवडतं ते सांगते. स्टॅटिक पोलवर, म्हणजे जो स्वतः फिरत नाही त्यावर, स्पिन (गिरकी) घेताना वरचा हात पोलभोवती फिरायला हवा. हाताला चिकट ग्रिप असेल तर अंग पुढे जातं आणि हात तिथेच अडकतो, कातडी ओढली जाते, मनगटाला आणि खांद्याला झटका बसतो. फिरत्या पोलवर, म्हणजे स्पिन पोलवर उलटं, तिथे हात एकाच जागी घट्ट राहायला हवा, वेग वाढला की अंग बाहेर फेकलं जातं, तिथे चिकट ग्रिप बरी वाटते. नुसत्या स्पिन पोलचं रूटीन असेल तर मी पण चिकटच लावेन. पण आंतरराष्ट्रीय पोल अँड एरियल स्पोर्ट्स फेडरेशनच्या पद्धतीच्या स्पर्धेत स्टेजवर दोन पोल असतात, एक स्टॅटिक एक स्पिन, आणि एकाच रूटीनमध्ये दोन्हींवर काम दाखवायचं असतं, मध्ये हात पुसून दुसरं काही लावायला वेळ कुठून येणार. तिथे दोन्हीकडे निभावून नेणारं हवं आणि माझ्यासाठी ते हेच आहे. टेन्शनमुळे तळहाताला जो घाम सुटतो, वर लाइट्सची उष्णता, तो घाम हे छान आटोक्यात ठेवतं. बॅकस्टेजला नाव पुकारण्याच्या थोडं आधी एकदा लावायचं, वाळवायचं आणि मग कशालाच हात लावायचा नाही, पाण्याची बाटली पण दुसऱ्या कुणाकडून उघडून घ्यायची.

आणि हो, नियमपुस्तक वाचा. कुठली ग्रिप चालते, अंगावर कुठे चालते, हे स्पर्धेप्रमाणे बदलतं.

शिकवताना याचा अजून एक फायदा आहे जो कुणी सांगत नाही. विद्यार्थिनी पहिल्यांदा इन्व्हर्ट करते, म्हणजे पोलवर डोकं खाली पाय वर करते, तेव्हा तिच्या कमरेला आधार देऊन उभं राहावं लागतं, ती घसरली तर लगेच हात सरकवून खांदा डोकं सांभाळायचं असतं. चिकट हाताने हे जमत नाही, घामेजलेल्या हाताने तर नाहीच नाही. कोरडा हात हवा.

कमीपणा पण आहे. दिवसभराची वर्कशॉप असेल तर परत परत लावावं लागतं आणि तीन चार दिवस सलग झालं की तळहात खरखरीत होतात, घट्ट्यांच्या कडेला भेगा पडतात. रात्री हात धुऊन क्रीम लावणं मस्ट, पण फक्त रात्री, क्लासच्या दिवशी सकाळी अंगाला कुठेही लोशन नको. दुसरं म्हणजे हे हातांचं काम आहे, गुडघ्याच्या लवणीत किंवा मांडीला मला याचा फारसा उपयोग होत नाही, तिथे कातडीनेच धरायचं असतं, म्हणून तर आपण शॉर्ट्स घालतो.

प्रवासाला सोयीचं आहे. मोठी बाटली पण ६० मिलीच्या आतली, विमानात केबिन बॅगला बऱ्याच ठिकाणी १०० मिलीची मर्यादा असते त्यात आरामात बसते. ग्रिप चेक इन बॅगेत टाकू नका, बॅग उशिरा आली तर स्टेजवर काय लावणार? वेगळ्या झिपच्या पिशवीत ठेवा, दुसऱ्या एका कंपनीची बाटली माझ्या बॅगेत गळली होती आणि कॉस्च्यूमवर डाग पडले ते गेलेच नाहीत. पोल पुसायचं स्पिरिट मात्र नेऊ नका, ज्वलनशील असतं, आयोजकांना आधी मेसेज करून तिथेच ठेवायला सांगा, मायक्रोफायबरचं फडकं तेवढं आपलं न्या.

नवीन शिकणाऱ्यांनी पहिले काही आठवडे काहीच घेऊ नका असं मी सांगेन. पोल आणि हात पुसून चढा, खांदे खाली ओढून धरायला शिका, बऱ्याचदा हात सुटतो तो खांदा सैल असतो म्हणून, आणि त्यावर कुठल्याच बाटलीत औषध नाही. हे सगळं करून पण ठसा ओलाच येत असेल तर मग घ्या, छोटी बाटली घ्या, थोडीशीच लागते, खूप दिवस पुरते.