आठ इंची आरशाची डॉब्सोनियन दुर्बीण : दहा महिने आणि गोव्याचा एक पावसाळा

चवथ झाल्यावर दुर्बिणीवरचं कापड काढलं आणि पोटात गोळाच आला. दुय्यम आरशावर, म्हणजे नळीच्या तोंडाजवळच्या छोट्या आरशावर, बुरशीचे करडे ठिपके, कडेला जाळ्यासारखी बारीक नक्षी. विक्रेत्याचं उत्तर: ओलाव्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही. अहो, डिचोलीत पावसात कपाटातल्या चपलांनाही बुरशी धरते, हे विकताना सांगायला नको? दोन आठवडे फोन करून शेवटी नव्या आरशाचा भाव कळला, तेव्हा नाद सोडला.

आरसा स्वतःच काढला. डिस्टिल्ड वॉटर, लिक्विड सोपचा एकच थेंब, आणि कापसाचा बोळा न दाबता नुसता ओढत नेला. दोन डाग राहिलेत. चित्रात फरक नाही.

ही दुर्बीण घेतली ती फुटलेल्या ताऱ्यांचे अवशेष बघायला. खगोलशास्त्रज्ञ नोआम सोकर यांचं म्हणणं असं, की ताऱ्याच्या कोसळत्या गाभ्यात जन्मलेला न्यूट्रॉन तारा, म्हणजे अतिघन गोळा, दिशा बदलत झोतांच्या जोड्या फेकतो आणि त्यांनीच तारा फुटतो. मग अवशेषावर समोरासमोर कान, म्हणजे बाहेर आलेले फुगवटे, उमटतात. बहुतेक शास्त्रज्ञ स्फोटाचं श्रेय गाभ्यातून सुटणाऱ्या न्यूट्रिनो नावाच्या सूक्ष्म कणांना देतात, पण मला झोतच पटतात. शर्मिष्ठा तारकासमूहातल्या कॅसिओपिया ए या अवशेषाच्या ईशान्येला आणि नैर्ऋत्येला सिलिकॉनचे झोत कवच फोडून बाहेर आलेत, चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीने ते टिपलेत. आठ इंचांत हा अवशेष दिसतच नाही, आणि हे मला पैसे भरल्यावर कळलं.

राहिला वृषभाच्या शिंगाजवळचा क्रॅब हा अवशेष, 1054 साली फुटताना दिसलेला. त्याच्या पोटातला पल्सार, म्हणजे गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा, सेकंदाला 30 गिरक्या घेत झोत फेकतो, पण ते आजचे. मला हवे होते स्फोटाच्या क्षणाचे. जानेवारीत अंगणातून राखाडी डाग दिसला. पैसे पाण्यात गेले, असं तेव्हा सगळ्यांना सांगत सुटलो.

ते मत मागे घेतो. आरसा धुतल्यावर वाळपईला मामाकडे, पहाटे तीनला, नजर डागाच्या किंचित बाजूला धरली आणि दहा मिनिटं हललो नाही. डाग लांबट झाला. एका कडेला उजेड जास्त, दुसरी विरलेली. कान नव्हेत, पण तो गोल नाही हे माझ्या डोळ्यांनी बघितलं. मामाला हाक मारली, त्यालाही दिसलं.

गोव्यात घेणार असाल तर आधी मोठा हवाबंद डबा आणि सिलिका जेल घ्या. पावसाळाभर दोन्ही आरसे त्यातच ठेवा, आणि जेल दर पंधरवड्याला तव्यावर तापवून घ्या.